प्लॅटिपसची चोच ही चोच नव्हेच

अबोली_परळ

माझी मुलगी चौथीत आहे. शाळेने प्राण्यांची चित्रवही करायला सांगितली होती. सस्तन प्राण्यांच्या पानावर तिने गाय, वटवाघूळ, देवमासा आणि ऑस्ट्रेलियातल्या नद्यांत राहणारा प्लॅटिपस चिकटवले. वही तपासून आली तेव्हा प्लॅटिपसवर लाल फुली होती आणि शेजारी लिहिलं होतं, 'चोच आहे, अंडी घालतो. पक्ष्यांत लिही.' शाळेचं नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही. बाईंकडे पन्नासेक वह्या असतात. पण लेक हिरमुसली. रात्री झोपताना तिने विचारलं, "आई, बदकाची चोच त्याला कोणी लावली गं?"

दोन आठवडे झाले, तो प्रश्न डोक्यातून जात नाहीये. रोज रात्री भांडी आवरून झाली की वाचत बसते. वाचलेलं इथे मांडते आहे. चुकलं तर दुरुस्त करा आणि भरही घाला.

सगळ्यात आधी चोच. बदकाची चोच म्हणजे हाडाच्या जबड्यावर चढलेलं कडक आवरण, आपल्या नखासारख्या पदार्थाचं. प्लॅटिपसच्या चोचीतही हाड आहे, पण वरून ती मऊ, ओलसर, लवचिक कातडीने मढलेली असते. संग्रहालयातले वाळवलेले नमुने कडक, काळपट दिसतात, म्हणून चित्रांतही ती बदकासारखी टणक काढली जाते. जिवंत प्राण्याची तशी नसते. मला तर तिला चोच म्हणायचंच नाही. मुस्कट म्हणावं.

आणि हे मुस्कट नुसतं खायचं साधन नाही. प्लॅटिपस पाण्यात बुडी मारतो तेव्हा डोळे, कान, नाकपुड्या सगळं घट्ट मिटून घेतो. रात्रीची वेळ, नदीचा गढूळ तळ, तिथे तो काही बघत नाही, ऐकत नाही, वासही घेत नाही. फक्त मुस्कट डावीकडून उजवीकडे हलवत जातो. त्या कातडीत सुमारे ४० हजार जागा अशा आहेत की ज्यांना वीज कळते. चिखलातल्या कोळंबीने शेपटी हलवली की तिच्या स्नायूंत विजेची बारीकशी लहर उठते, तेवढी याला पुरते. शिवाय पाण्याचा धक्का, स्पर्श ओळखणाऱ्या सुमारे ६० हजार जागा वेगळ्या. १९८६ साली शास्त्रज्ञांनी पाण्यात चालू सेल लपवून ठेवला, तर प्लॅटिपसने तो शोधून काढला. आपण रिमोटमध्ये घालतो तसला दीड व्होल्टचा सेल!

हे वाचल्यावर मी लेकीला उठवून सांगणार होते. नवऱ्याने अडवलं, रात्रीचा एक वाजला होता.

बाकीचं भराभर लिहिते. बदकाला पिसं, याला फर, आणि तीही इतकी दाट की एका चौरस मिलिमीटरमध्ये ६०० ते ९०० केस. बदक मागच्या पायांनी पाणी मारतं, हा पुढच्या पायांनी वल्हवतो आणि मागच्यांनी दिशा सांभाळतो. पुढच्या पंजाचा पडदा नखांच्याही पुढे जातो. जमिनीवर चालताना किंवा बीळ उकरताना तो पडदा आत दुमडून घेतो आणि नखं मोकळी होतात. बदकाला हे जमत नाही. शेपटी चपटी, चरबी साठवायची. अंगाचं तापमान ३२ अंशांच्या आसपास, आपलं ३७ आणि बदकाचं ४१च्या वर. आणि अंडी घालत असला तरी पिल्लांना दूध पाजतो. एवढ्यावरच लाल फुली पुसायला हवी होती.

अवांतर: तिचा दुसरा प्रश्न, राणीच्या बागेत पेंग्विन आहेत तर प्लॅटिपस का नाही? ऑस्ट्रेलिया सहसा तो कुणालाच देत नाही. देशाबाहेर तो आज फक्त अमेरिकेत सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात आहे, तोही २०१९ पासून.

टिटवी

सुंदर धागा. पक्षी बघणारी म्हणून बदकाच्या बाजूने थोडी भर घालते, कारण बदकाची चोचही काही साधी नाही.

थंडीत भांडुप पंपिंग स्टेशनच्या बाजूला किंवा ऐरोलीला गेलात तर थापट्या बदक बघा. फावड्यासारखी रुंद चोच. दुर्बिणीतून नीट पाहिलं तर चोचीच्या कडेने बारीक कंगव्याचे दाते दिसतात. तोंडात पाणी घ्यायचं, कडेने बाहेर सोडायचं आणि दात्यांत अडकलेले कण, किडे गिळायचे. म्हणजे ती गाळणी आहे. प्लॅटिपस गाळत नाही, शोधतो. वरून दोघांचा आकार सारखा, काम मात्र पार वेगळं.

आणि हळदी-कुंकू बदक तर सगळ्यांनी एकदा बघाच. चोचीचं टोक हळदीसारखं पिवळं, मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके. एवढी बोलकी चोच असताना सगळ्या बदकांची चोच एका साच्यातली कशी मानायची?

आणखी एक, चित्र काढताना हमखास चुकतं ते. बदकाच्या नाकपुड्या चोचीच्या मुळाकडे, डोळ्यांच्या बाजूला असतात. प्लॅटिपसच्या अगदी पुढे, टोकाजवळ, वरच्या अंगाला असतात. मुस्कटाचं टोक तेवढं पाण्याबाहेर काढून त्याला श्वास घेता येतो.

मुलुंडकर_७२

अबोलीताई, वाचनखूण साठवली. नातवाला वाचून दाखवतो.

आरी_दाभण

मी धारावीत चामड्याचं काम करतो, तिसरी पिढी. प्राणिशास्त्र मला येत नाही, पण या प्राण्याची एक गोष्ट मला आमच्या धंद्याची वाटते म्हणून लिहितो.

अठराव्या शतकाच्या शेवटी न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर जॉन हंटर यांनी इंग्लंडला प्लॅटिपसचं कातडं पाठवलं. १७९९ मध्ये ब्रिटिश म्युझियममधल्या जॉर्ज शॉ यांनी त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन लिहिलं. लिहितानाच त्यांना शंका होती की कुणीतरी चार पायांच्या जनावराला बदकाची चोच जोडून फसवतंय. तेव्हा पूर्वेकडून येणाऱ्या जहाजांतून माकडाचं धड माशाला शिवलेल्या 'जलपऱ्या' विकल्या जात होत्या, त्यामुळे शंका येणं स्वाभाविकच होतं. कातडं भिजवून, चोचीच्या मुळाशी शिवण सापडते का हे तपासलं गेलं.

आता माझं. दोन वेगळी कातडी जोडली तर ती लपत नाही. टाका कितीही बारीक घ्या, दाभणाचं भोक राहतंच. ओलं करून अंगठ्याने दाबत गेलं की जोड बोटाला कळतो, कारण दोन्ही कातडी सारखी आकसत नाहीत, एक जास्त ओढते. माझे वडील डोळे मिटून सांगायचे की इथे तुकडा घातलाय. प्लॅटिपसच्या मुस्कटाच्या मुळाशी कातड्याची झालर असते, कपाळावर आणि गळ्याखाली पसरलेली. फोटोत ती पाहिली आणि मलाही पहिल्यांदा वाटलं, जोड लपवायला पट्टी मारली आहे! आम्ही बॅगेला अगदी तशीच मारतो. शॉसाहेबांना शंका आली यात त्यांचा दोष नाही. त्यांनी हात लावून तपासलं आणि मग लिहिलं, हे मला आवडलं.

अबोली_परळ

दादा, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. ती झालर मी चित्रात पाहिली होती, पण तिच्याकडे लक्षच गेलं नव्हतं. मनापासून आभार.

नाखवा_वेसावे

वीज ओळखणारं तोंड म्हटल्यावर राहवलं नाही. आमच्याकडे जाळ्यात मुशी येते, म्हणजे लहान शार्क. मुशीचं नाकाड जवळून बघा, बारीक बारीक टोचल्यासारखी भोकं असतात. दाबलं की त्यातनं पारदर्शक चिकट रस येतो. लहानपणी आम्ही तेच करत बसायचो आणि आईच्या शिव्या खायचो. बरीच वर्षं मला वाटायचं, हा तिचा घाम. मग एकदा माहीमकडचा एक पोरगा मत्स्यशास्त्र शिकून आला, त्याने सांगितलं की मुशीला या भोकांतून विजेची जाणीव होते, वाळूत दडलेला मासा ती अशीच काढते. पाकटालाही ते असतं.

म्हणजे प्लॅटिपसची तुलना करायचीच तर बदकापेक्षा आमच्या मुशीशी करा की!

टिटवी

नाखवा, क्या बात! फक्त एक, मुशी आणि प्लॅटिपस या दोघांनी ही शक्ती स्वतंत्रपणे मिळवली. मुशीची भोकं मुशीची, प्लॅटिपसची त्वचेतल्या ग्रंथींतून तयार झालेली. गरज सारखी, वाट वेगळी.

शंका_समाधान

सगळं वाचलं, छान आहे. पण साधं सांगायचं तर तो सरपटणारे प्राणी आणि सस्तन प्राणी यांच्यामधली पायरीच ना? अंडीही घालतो, दूधही देतो. म्हणजे उत्क्रांतीत अर्धवट राहून गेलेला. आम्हाला तर शाळेत असंच शिकवलं होतं.

अबोली_परळ

मलाही असंच शिकवलं होतं. पण मला हे पटत नाही आणि जरा जीव तोडून सांगते, रागावू नका.

प्लॅटिपसचा वंश आणि आपला वंश सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. त्यानंतर जेवढा काळ आपल्या पूर्वजांना मिळाला तेवढाच त्याच्याही. तो वाटेत थांबला नाही, दुसऱ्या वाटेने चालत राहिला. अंडी घालणं ही जुनी रीत त्याने टिकवली, हे खरं. पण बाकी बघा. त्याचे जुने नातलग, ज्यांचे जीवाश्म सापडलेत, त्यांना मोठेपणीही दाढा होत्या. आजच्या प्लॅटिपसच्या पिल्लाला दात येतात आणि बिळाबाहेर पडायच्या सुमारास पडून जातात. मग जन्मभर तो जबड्यातल्या कडक गाद्यांवर अन्न वाटतो. मुस्कटातली ती विजेची जाण आजच्या रूपाला नंतरच आली. नराच्या मागच्या पायाला विषाचा काटा आहे. आपल्याला लिंग ठरवणारी गुणसूत्रं दोन, याला दहा! पाच एक्स आणि पाच वाय. आणि त्यातल्या काहींचं साम्य पक्ष्यांच्या गुणसूत्रांशी आहे. त्याचा जनुकीय नकाशा २००८ मध्ये जाहीर झाला तेव्हा हे सगळं नीट समोर आलं.

अर्धवट राहिलेल्या प्राण्याकडे एवढं कुठून येईल?

पशुवैद्यक_होणारी

परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकते. दोन गोष्टी आमच्या विषयातल्या.

पहिली, काटा. कोंबड्याच्या पायाला काटा असतो, पण तो नुसता टोकदार. प्लॅटिपसच्या नराचा काटा पोकळ, सुमारे दीड सेंटीमीटरचा, मांडीतल्या विषग्रंथीला नळीने जोडलेला. विणीच्या दिवसांत विष वाढतं, म्हणजे ते मुख्यतः नरानरांच्या भांडणासाठी असावं. माणूस यामुळे मेल्याची नोंद नाही, पण वेदना भयंकर असतात, कितीतरी दिवस राहतात आणि मॉर्फिननेही धड शमत नाहीत. कुत्री मेलेली आहेत. मादीला हा काटा लहानपणी असतो, पुढे गळून जातो.

दुसरी, बदकाशी खरंखुरं साम्य हवं असेल तर ते चोचीत शोधू नका, पोटात शोधा. बदकाच्या मादीचं फक्त डावं बीजांडकोश काम करतं. प्लॅटिपसच्या मादीचंही डावंच. मल, मूत्र आणि अंडं यांना बाहेर पडायला एकच वाट, दोघांनाही. पहिल्या दिवशी पाठ्यपुस्तकात वाचलं तेव्हा मी शेजारच्या मैत्रिणीला हलवून दाखवलं होतं.

गोराईची_मावशी

आमच्याकडे बदकं आहेत, पूर्वापार. नाताळला बदकाचं मोयली होतं, म्हणजे बदक साफ करायची सवय हाताला आहे. बदकाचा पेटा, म्हणजे अन्न दळणारी पोटातली पिशवी, चिरलात तर आत वाळू, बारीक खडे निघतात. बदकाला दात नाहीत, ते खडेच त्याचे दात. शेपटीवर एक तेलाची गाठ असते, ती काढून टाकायची, नाहीतर रश्श्याला वास मारतो. ते तेल चोचीने पिसांना लावतात म्हणून पाणी ठरत नाही.

प्लॅटिपसला पेटा असतो का?

पशुवैद्यक_होणारी

मावशी, पेटाच काय, त्याला धड जठरही नाही! अन्ननलिका जवळजवळ सरळ आतड्यालाच मिळते, मध्ये आम्ल तयार करणाऱ्या ग्रंथी नाहीत. तळाशी मिळालेलं अन्न तो गालांच्या पिशव्यांत भरतो, वर येतो आणि तिथे चावतो. पण तुमच्या खड्यांचं बरोबर आहे. अन्नाबरोबर तळाची वाळूही गालात येते आणि दळायला मदत करते. बदकाचं जातं पोटात, याचं तोंडात.

अप्पा_गिरगाव

वय ७८. तुमची भाषा वाचून बरं वाटलं म्हणून लिहितो.

आपल्याकडे जीवांचे चार प्रकार सांगत. अंडज, जरायुज, स्वेदज, उद्भिज्ज. अंड्यातून येणारे, वारेतून येणारे, घामा-ओलाव्यातून येणारे, जमीन फोडून येणारे. नातीला शिकवताना मी नेहमी सांगतो, पक्षी अंडज, गाय जरायुज. या प्राण्याने माझी पंचाईत केली. अंड्यातून येतो, मग दूध पितो. शिवाय वाचलं की मादीला आचळं नाहीत, पोटाच्या कातडीवर दोन जागी दूध पाझरतं आणि पिल्लं ते चाटतात. मग दूध घामासारखंच येतं म्हणा ना! तीन प्रकार एकाच प्राण्यात.

आणि आपला 'सस्तन' शब्द बघा. स्तन असलेला तो सस्तन. याला स्तनाग्रच नाही. शब्द आपण केला तेव्हा समोर गाय होती, म्हैस होती, हा नव्हता. तरी तो सस्तनच, कारण दूध आहे. शब्द थोडा सैल करावा, प्राण्याला घट्ट करू नये.

'द्विज' म्हणजे पक्षी, दोनदा जन्मलेला, आधी अंडं मग पिल्लू. दातालाही द्विज म्हणतात, कारण तोही दोनदा येतो. हा प्राणी अंड्यातून येतो म्हणून पहिल्या अर्थाने द्विज, आणि एकदा आलेले दातही टाकून देतो म्हणून दुसऱ्या अर्थाने नाही. कालपासून हेच घोळवतो आहे.

अबोली_परळ

अप्पा, नमस्कार. 'सस्तन'बद्दलचं लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मग त्याला 'दुधाळ' म्हणू या.

अंड्याचं राहिलं होतं, ते लिहिते. यावर इतकी वर्षं वाद झाला की वाचून थक्क व्हायला होतं. १७९९ मध्ये वर्णन झालं आणि अंडी घालतो हे सिद्ध व्हायला १८८४ उजाडलं. पंच्याऐंशी वर्षं! युरोपातले विद्वान भांडत राहिले की दूध आहे तर अंडी नसणार, अंडी असतील तर दूध नसणार. शेवटी विल्यम कॉल्डवेल नावाचा तरुण शास्त्रज्ञ क्वीन्सलँडमध्ये बर्नेट नदीकाठी राहिला आणि तिथल्या आदिवासींच्या मदतीने त्याने कितीतरी प्राणी मारून तपासले. एका मादीने एक अंडं नुकतंच घातलेलं होतं आणि दुसरं बाहेर यायच्या बेतात होतं. त्याने चार शब्दांची तार केली आणि ती कॅनडात माँट्रियलला भरलेल्या परिषदेत वाचली गेली. नदीकाठच्या लोकांना हे आधीपासून ठाऊक होतं. त्यांना कुणी नीट विचारलं नाही, आणि विचारलं तेव्हा मानलं नाही. मला याचं वाईट वाटतं.

अंडी बहुधा दोन, जेमतेम १७ मिलिमीटरची, म्हणजे बोराच्या आठळीपेक्षा थोडी मोठी, आणि कवच चामड्यासारखं मऊ. मादीच्या पोटात सुमारे २८ दिवस आणि बाहेर फक्त दहाएक दिवस. ती बिळाचं तोंड मातीने बुजवते आणि अंड्यांभोवती अंगाचं वेटोळं करून शेपटीने त्यांना पोटाशी धरून ठेवते. पिल्लू निघतं ते आंधळं, बिनकेसाचं, शेंगदाण्याएवढं. तीन-चार महिने आईच्या दुधावर.

गावठी बदकाच्या अंड्यालाही २८ दिवस लागतात, पण ते सगळे बाहेर, उबेत. मावशी, बरोबर ना?

गोराईची_मावशी

बरोबर, अठ्ठावीसच. आणि पिल्लू सुकलं की चालायलाच लागतं, दुसऱ्या दिवशी पाण्यात. तुमच्या लेकीला आणा रविवारी, आत्ता बसलेली आहे एक खुडूक बदकी.

नाखवा_वेसावे

या प्राण्याला धोका काय आहे? की ठीक चाललंय?

अबोली_परळ

नाखवा, ठीक नाही. २०१६ पासून तो धोक्याच्या उंबरठ्यावर असलेल्या प्राण्यांत धरला जातो. दुष्काळ, धरणं, नदीकाठची झाडी तोडणं ही कारणं आहेतच. पण एक कारण तुम्हाला लगेच कळेल. तिकडे गोड्या पाण्यातले खेकड्यासारखे झिंगे धरायला जाळीचे बंद पिंजरे वापरतात. सिडनीच्या ऑपेरा हाउससारखा आकार, म्हणून नावही तेच. खाणं शोधत प्लॅटिपस आत शिरतो आणि त्याला बाहेर पडता येत नाही. मासा नाही ना तो, त्याला वर येऊन श्वास घ्यावा लागतो. दोन-तीन मिनिटांत जीव जातो. व्हिक्टोरिया राज्याने २०१९ मध्ये आणि न्यू साउथ वेल्सने २०२१ मध्ये हे पिंजरे बंद केले.

नाखवा_वेसावे

वर उघडं तोंड ठेवलं असतं तरी वाचला असता. आमचे चिंबोऱ्यांचे सापळे उचलायचे असतात, वरून उघडे. हे लिहिताना हात थांबतोय. वाईट झालं.

अबोली_परळ

रविवारी आम्ही गोराईला जाऊन आलो. बोरिवलीहून बस, मग खाडीची बोट. मावशींनी बदक मांडीवर धरलं आणि लेकीला म्हणाल्या, घाबरू नको, लाव हात. तिने आधी एका बोटाने चोच दाबली. मग नखाने वाजवून पाहिली, टक टक आवाज आला. चोचीच्या कडेवरून बोट फिरवून ते दाते मोजायचा प्रयत्न केला, बदकाने मान काढून घेतली. मग तिने स्वतःच्या कानाची पाळी चिमटीत धरून विचारलं, "आणि त्याची अशी?" मी म्हटलं, साधारण अशी, ओली केलीस तर.

बोटीत बसल्यावर तिने वही काढली. आधीच्या प्लॅटिपसच्या चित्रातल्या नाकपुड्या खोडल्या आणि टोकाकडे नव्याने काढल्या. मुस्कटाच्या मुळाशी आरीदादांनी सांगितलेली झालर काढली. शेजारी बदक काढलं, त्याच्या नाकपुड्या मागे. लाल फुली तशीच आहे, ती खोडू नको असं मीच सांगितलं. उद्या वही घेऊन बाईंना भेटायला जाणार आहोत, दोघी.